प्रवासाचे नियोजन आणि भरती-ओहोटीची परिभाषा

कारंजा (घाडगे) येथून स्वतंत्रपणे अलिबागला जायचे ठरवले, तर आपण प्रथम गाड्यांचे वेळापत्रक पाहतो. वर्धा किंवा बडनेरा येथून रेल्वेने मुंबई, तेथून लाँचने मांडवा. पावसाळ्यात मात्र लाँच बंद असते. समुद्रालाही वेळापत्रक असते, हे विदर्भातील प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. परतण्यास उशीर झाला, तर तीच वाट पाण्याखाली जाते.

हे वेळापत्रक पंचांगातून काढता येते. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. म्हणून पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस ४ ची पाऊणपट ३. म्हणजे भरती दुपारी ३ च्या सुमारास, आणि त्याआधी सहा तास, सकाळी ९ च्या आसपास ओहोटी.

येथे दोन संज्ञा लक्षात घ्याव्यात. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीस ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीस ‘भांग’ म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे ओसरत नाही. त्यामुळे अष्टमीपेक्षा चतुर्थी सोयीची ठरते. हा हिशेब दिवस निवडण्यापुरता आहे. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहावे व स्थानिक कोळी बांधवांना विचारावे.

स्वयंअध्ययन : कृष्ण द्वादशीस भरती केव्हा येईल? कुलाबा किल्ल्यासाठी तो दिवस आपण निवडाल काय? सकारण लिहा.