खानदेशातील फिरती काच-स्वच्छता सेवा : लहान वाहनाच्या सज्जतेचे विवेचन

प्रस्तावना

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची ओळख प्रामुख्याने कापूस, केळी व त्यांवर आधारित उद्योग अशी आहे. गेल्या दोन दशकांत मात्र या शहरांच्या बाह्यरूपात बदल झाला. रुग्णालये, बँका, वाहनांची विक्री-दालने आणि खासगी शिकवणी वर्ग यांच्या दर्शनी भिंती काचेच्या झाल्या. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे घरांच्या छतांवरही सौरपट्ट्या बसू लागल्या. ही सर्व काच धुळीच्या प्रदेशात उभी आहे व ती नियमित स्वच्छ करावी लागते. हे काम घरोघरी व दुकानोदुकानी जाऊन करणारी फिरती सेवा हा अल्प भांडवलाचा स्वयंरोजगार ठरू शकतो.

या व्यवसायातील सर्वांत मोठी गुंतवणूक म्हणजे वाहन. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या मुद्रा कर्जासारख्या योजनेतून ते घेता येते. परंतु वाहनाची सज्जता चुकली तर हप्ता चालू राहतो आणि काम थांबते. म्हणून वाहन कसे सज्ज करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. खानदेशात हा विचार वाहनापासून नव्हे, तर पाण्यापासून सुरू करावा लागतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

पाण्याचा गुणधर्म

खानदेशाचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे पाणी काचेवर वाळले की पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या डागांच्या रूपाने मागे राहतात. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. या मर्यादेतील, म्हणजे पिण्यास योग्य अशा ३०० लिटर पाण्यातही १५० ग्रॅम क्षार असतात. पिण्यास चांगले पाणी काचेसाठी चांगले असतेच असे नाही.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ परिसराचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या काचेवरील पाणी पुसण्यापूर्वीच वाळते. तसेच तापलेल्या सौरपट्टीवर थंड पाणी पडल्यास काचेला तडा जाण्याचा धोका असतो. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटे व सकाळीच करणे हितावह आहे.

दोन पद्धती

काच स्वच्छ करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली रबरी पात्याच्या वायपरची. अमेरिकेत स्थायिक झालेले इटालियन कारागीर एत्तोरे स्तेकोने यांनी १९३६ मध्ये पितळी वायपरचे पेटंट घेतले. आजची हत्यारे त्याचीच सुधारित रूपे होत. या पद्धतीत पाणी काचेवर वाळू न देता ओढून घेतले जाते, म्हणून साधे पाणीही चालते व एक-दोन बादल्या पुरतात. तळमजल्यावरील दुकानांसाठी ती पुरेशी आहे. दुसऱ्या पद्धतीत लांब दांड्याच्या टोकावरील ब्रशमधून क्षारविरहित पाणी सोडले जाते. ते वाळले तरी डाग राहत नाही आणि कामगार जमिनीवर उभा राहून वरच्या मजल्याची काच धुऊ शकतो. या पद्धतीत एका कामगारामागे मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी धरल्यास ३०० लिटर पाणी २०० मिनिटे, म्हणजे सकाळच्या एका पाळीला पुरते.

भाराचा हिशेब

२००५ मध्ये बाजारात आलेले व ‘छोटा हत्ती’ या नावाने परिचित झालेले टाटा एस हे या वर्गातील प्रातिनिधिक वाहन. अशा वाहनाची भारक्षमता ७५० किलो धरून नमुना हिशेब मांडता येतो. मदतनीस ६५ किलो, टाक्या व त्यांची चौकट ६०, पंप, बॅटरी व नळीचे रीळ ६०, क्षार काढणाऱ्या रेझिनचे नळकांडे २५, दांडे, शिडी, वायपर व बादल्या ६० अशी बेरीज २७० किलो होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३०० लिटर भरल्यास एकूण भार ५७० किलो होतो व १८० किलोची मोकळीक उरते. ‘मोठी टाकी बरी’ या समजुतीने ५०० लिटर भरल्यास भार ७७० किलोवर, म्हणजे मर्यादेबाहेर जातो. केवळ २०० लिटरच्या फरकाने वाहन असुरक्षित व बेकायदेशीर ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी वीस हजार रुपये दंड आहे आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार.

याच कारणास्तव पाणी शुद्ध करणारे आरओ संयंत्र वाहनात न बसवता मुक्कामाच्या जागी ठेवावे. रात्री पाणी शुद्ध करून पहाटे टाक्या भराव्यात. आरओ बहुतांश क्षार काढते, उरलेले रेझिन काढते. त्यामुळे रेझिन अधिक काळ टिकते. आरओतून निम्मे पाणी वाया जात असेल, तर ३०० लिटरसाठी ६०० लिटर लागेल. वाघूर धरणावर अवलंबून असलेल्या जळगावात, किंवा तापी योजना व नकाणे तलावावर भिस्त असलेल्या धुळ्यात, ही उधळपट्टी परवडणारी नाही. उरलेले क्षारयुक्त पाणी ओटे, अंगण व वाहन धुण्यास वापरावे. झाडांना घालू नये.

मांडणी

घराच्या गच्चीवरील टाकी स्थिर जागेसाठी बनवलेली असते. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लावताच पुढे धावते. एरंडोल, पारोळामार्गे जळगाव-धुळे महामार्गावर अवजड वाहनांच्या रांगेत हा हिंदकळा घातक ठरतो. आतून आडवे पडदे असलेली टाकी, अथवा शंभर लिटरच्या तीन स्वतंत्र टाक्या घेऊन एकामागून एक रिकाम्या करणे, हे त्यावरील उपाय आहेत. टाक्या शक्य तितक्या खाली व मागच्या आसाच्या किंचित पुढे असाव्यात. त्या लोखंडी चौकटीत कसून बसवाव्यात. केवळ दोरीवर विसंबू नये. चौकटीसाठी चॅसिसला वेल्डिंग करणे टाळावे.

क्षारविरहित पाणी लोखंड गंजवते, म्हणून नळ्या व व्हॉल्व्ह पीव्हीसीचे असावेत. ठिबक सिंचन व प्लॅस्टिक पाइप उद्योगाचे केंद्र असलेल्या जळगावात ते सहज मिळतात. पंपाच्या बाबतीतही शेतीचा अनुभव उपयोगी पडतो. बॅटरीवरील फवारणी पंपात १२ व्होल्टचा जो डायफ्राम पंप असतो, त्याच तत्त्वाचा थोडा मोठा पंप येथे पुरतो आणि तो गावातच दुरुस्त होतो. ६ अँपिअर घेणारा पंप १०० अँपिअर-तास बॅटरीच्या निम्म्या क्षमतेवर आठ तास चालतो. ही बॅटरी वाहनाच्या मूळ बॅटरीहून वेगळी असावी व तिला फ्यूज असावा. गाड्या धुण्याचा उच्च दाबाचा एचटीपी पंप मात्र खिडक्यांसाठी वापरू नये. त्याने काचेभोवतीचे सील निघतात.

नळीचे रीळ मागे, डाव्या बाजूस बसवावे. म्हणजे कामगाराला रहदारीकडे पाठ करून उभे राहावे लागत नाही.

सुरक्षितता व कायदा

अ‍ॅल्युमिनियम तसेच कार्बन फायबर विद्युतवाहक आहेत. अरुंद गल्ल्यांत ११ केव्हीच्या तारा इमारतींच्या जवळून जातात. ओला दांडा कोणत्याही पदार्थाचा असो, तेथे काम करू नये. मालवाहू भागात कामगार बसवू नयेत. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनास कलम ६६ नुसार परवान्यातून सूट आहे. नोंदणी, विमा व योग्यता प्रमाणपत्र मात्र आवश्यकच. नोंदणीतील तपशील बदलेल असा कोणताही फेरफार करण्यापूर्वी कलम ५२ लक्षात घेऊन परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी.

समारोप

पाण्याचा गुणधर्म पद्धत ठरवतो, पद्धत पाण्याचे प्रमाण ठरवते आणि प्रमाण वाहनाचा भार ठरवते. हा क्रम उलटा केल्यास आधी वाहन, मग मोठी टाकी व शेवटी डागाळलेली काच असा अनुभव येतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना या बाबतीत थेट हातभार लावता येईल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शहरातील प्रभागनिहाय पाण्याचे क्षारमापन केले आणि वाणिज्य शाखेने त्यावरून खर्चाचे पत्रक मांडले, तर कर्ज काढणाऱ्या तरुणाच्या हाती वाहन घेण्यापूर्वीच विश्वसनीय आकडे येतील.