५७ किलोचे खाशाबा मोठे की हेवीवेट आंदळकर? वेगवेगळ्या वजनांच्या पैलवानांची तुलना कशी करायची

कुस्तीची एखादी रील व्हायरल झाली की खाली वाद ठरलेला : सगळ्यांत भारी पैलवान कोण? कोल्हापूरकरांसाठी तर हा प्रश्न घरचाच. एकीकडे राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव, दुसरीकडे मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर.

खाशाबांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य घेतलं.

दोघांची कुस्ती लावली असती तर? वजन बघता आंदळकरच जिंकले असते. पण म्हणून ते मोठे ठरतात का?

‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणजे काय?

वजनाचा फायदा बाजूला ठेवला, तर सरस कोण, हा तो प्रश्न. बॉक्सिंगमध्ये शुगर रे रॉबिन्सनमुळे हा शब्द गाजला. यूएफसीची पहिली स्पर्धा १९९३ मध्ये झाली, तेव्हा वजनगटच नव्हते. साधारण ८० किलोच्या रॉयस ग्रेसीने जड गड्यांना नमवून ती जिंकली. पुढे वजनगट आले आणि ‘सगळ्या गटांत भारी कोण’ हा वादही आला. यूएफसीने २०१३ मध्ये क्रमवारी सुरू केली, ती पत्रकारांच्या मतांवर. म्हणजे ते माप नाही, मत आहे.

एखादं सूत्र का नाही?

वेटलिफ्टिंगमध्ये सिंक्लेअर सूत्र आहे. उचललेले किलो मोजता येतात, म्हणून ते जमतं. कुस्तीत समोर लोखंड नसतं, माणूस असतो. शिवाय शरीर मोठं होतं तसं वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढतं. त्यामुळे किलोमागे ताकद काढली, तर हलका गडीच वरचढ दिसतो.

मग बघायचं काय?

एक, समोर कोण होतं? खाशाबांचं मैदान ऑलिंपिकचं, आंदळकरांचं यश आशियाई पातळीचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आंदळकरांना पदक मिळालं नाही.

दोन, वजन बदलून काय केलं? खाशाबा १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात सहावे आले. चार वर्षांनी वरच्या गटात जाऊन तिसरे.

तीन, किती प्रकारांत? इथे आंदळकर पुढे. एकाच स्पर्धेत दोन शैलींत पदकं मिळवणं सोपं नाही.

आमच्या मते पहिल्या दोन कसोट्यांवर खाशाबांचं पारडं जड आहे. तुम्ही तिसरीला जास्त वजन द्याल, तर उत्तर बदलेल.

वाद फुकटचा नाही

‘केसरी’ची गदा जड गटाची. बीडच्या राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात ब्राँझ जिंकलं, पण महाराष्ट्र केसरीची गदा त्या वजनाच्या पैलवानासाठी नसतेच. आपण मोठेपण फक्त गदेवर मोजलं, तर गावोगावच्या तालमींतली हलकी पोरं आधीच हरलेली असतात.

त्यामुळे पुढच्या वेळी कमेंट करण्याआधी एवढंच विचारा : कोण कुणाला पाडेल हे ठरवायचंय, की आपल्या वजनात कोण किती पुढे गेला हे?