नागपूर, बडोदे, पसरणी आणि कामोठे

नवी मुंबईतल्या कामोठ्यात नव्या शेजाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘गाव कुठलं?’ उत्तर येतं सातारा, सांगली, जळगाव, चिपळूण. कामोठे असं सांगणारे बहुतेक मूळ गावठाणातले आगरी. सिडको या सरकारी नगरनियोजन महामंडळाने आखलेल्या या सेक्टरांत 1 मे आणि 26 जानेवारीला स्पीकर लागतो तेव्हा मात्र सगळ्यांची गाणी एकच होतात. महाराष्ट्र दिनाला ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रजासत्ताक दिनाला ‘ऐ मेरे वतन के लोगो’.

पहिल्या गाण्याच्या जन्माचे दाखले काढले तर तेही कामोठ्यासारखेच निघतात. कवी राजा बढे नागपूरचे, आणि त्या काळी विदर्भातल्या अनेकांना वेगळं राज्य हवं होतं. संगीतकार श्रीनिवास खळे जन्माने बडोद्याचे, म्हणजे 1960 साली ज्या गुजरातपासून महाराष्ट्र वेगळा झाला तिथले. गायले शाहीर साबळे, वाईजवळच्या पसरणीचे. अवघड वळणांच्या भावगीतांसाठी ओळखले जाणारे खळे इथे मुद्दाम सोपी, शाहिरी चाल देतात. चार माणसांनी एकदम उचलावी अशी.

सरकारने या गाण्याला राज्यगीताचा दर्जा दिला तो 19 फेब्रुवारी 2023 पासून. तोवर राज्याने साठी ओलांडली होती आणि लोकांनी केव्हाच निकाल लावून टाकला होता. तीनपैकी दोन कडवी घेतली, शाळांत राष्ट्रगीतासोबत ते गायचं ठरलं, उभं राहण्याचे नियम आले. साबळ्यांच्या त्या आवाजाला सावधान उभं राहणं ही तशी शिक्षाच! गाण्याचा शेवटही पाहण्यासारखा आहे. मराठी माणूस गरीब आहे, घाम गाळतो आहे, पण दिल्लीचं तख्त तोच सांभाळतो, असा त्याचा दावा. प्रांताचा अभिमान देशाच्या अभिमानाला असा जोडून घेतला, म्हणून ही दोन्ही गाणी एका स्पीकरवर सुखाने नांदतात.

‘ऐ मेरे वतन’ हे देशाचं गाणं, पण त्यातही महाराष्ट्र आहेच. चीनच्या युद्धानंतर, 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी ते गायलं. लिहिलं कवी प्रदीप यांनी. चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची.

पण ओळख सांगणारी सगळी गाणी विजयाची नसतात. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून लहानपणी मुंबईला आले ते पायी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली. पोटासाठी मुंबई गाठलेल्या गड्याला गावाकडच्या बायकोची आठवण येते, इथून ती सुरू होते. पुढे कधी ती बायको बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होऊन बसते ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. नकाशावरचा वाद घरच्या विरहात उतरवण्याची ही करामत कुठल्याही ठरावाला जमली नसती. बेळगाव अजून कर्नाटकात आहे आणि छक्कड अजून म्हटली जाते. गाव सोडून आलेल्यांच्या कामोठ्यात तिचा पहिला अर्थ तर समजावून सांगावाच लागत नाही.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ या मूळ गाण्यात नद्या आहेत, सह्याद्री आहे. समुद्र नाही. खाडी, मिठागरं आणि भातशेतीवर जगलेल्या आगरी-कोळ्यांना आपली गाणी निराळीच राखावी लागली. त्यातही गंमत अशी की उभा महाराष्ट्र ज्याला अस्सल कोळीगीत मानतो ते ‘मी डोलकर’ लिहिलं इंदापुरात जन्मलेल्या शांता शेळके यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आणि लताबाईंसोबत गायले बंगालचे हेमंतकुमार. किनाऱ्याने ते आपलं मानलं, यापलीकडे पुरावा कोण मागतो?

आगऱ्यांचं घरचं गाणं म्हणजे धवला. लग्नातले विधी धवलारीण गाऊन पार पाडते. पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. जमिनी सिडकोकडे गेल्या, शेतांवर इमारती आल्या, आणि आगरी गाणंही बेंजो, डीजे, यूट्यूबवर पोचलं. आता ही गाणी आगरी पोरं आपल्याच बोलीत लिहितात. हळदीला धवलारीण आणि डीजे एकाच मांडवात भेटतात, आणि नाचणाऱ्यांत घाटावरून आलेले भाडेकरूही असतात.