स्टेपनी नसलेली विद्युत मोटार

स्टेपनी नसलेली विद्युत मोटार म्हणजे पाचवे, सुटे चाक न देता विकली जाणारी, विजेवर चालणारी चारचाकी. अशा मोटारीत पंक्चर झाल्यास चाक बदलण्याची सोय नसते. त्याऐवजी उत्पादक हवेचा लहान पंप व टायर सांधणारे द्रव्य यांचा संच देतो, आणि त्याने काम न झाल्यास मोटार वाहनावर चढवून न्यावी लागते. ही व्यवस्था शहरात सहसा पुरेशी ठरते. लांब पल्ल्याच्या, विशेषतः प्रवेश-नियंत्रित महामार्गांवर तिच्या मर्यादा दिसून येतात. महाराष्ट्रात हा प्रश्न हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाच्या वाशिम जिल्ह्यातील टप्प्यावर डिसेंबर २०२४ मध्ये घडलेल्या घटनेमुळे ठळकपणे पुढे आला. त्या रात्री अडकलेली वाहने केवळ विजेवरची नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

शब्दाचा उगम

मराठीसह अनेक भारतीय भाषांत सुट्या चाकाला 'स्टेपनी' म्हणतात. हा शब्द वेल्समधील लानेल्ली या गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याच्या नावावरून आला. तेथे थॉमस मॉरिस डेव्हिस व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी सुटे चाक तयार केले. ते आजच्या अर्थाने पूर्ण चाक नव्हते. त्याला आरे नसत. हवा भरलेला टायर चढवलेली ती एक धाव होती आणि पंक्चर झालेल्या चाकालाच ती शिकंजांनी आवळून बसवीत. त्यापूर्वीच्या मोटारींना सुटे चाक नसेच, त्यामुळे चालकाला रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवावा व ट्यूबला ठिगळ लावावे लागे. स्टेपनी कंपनीचे नाव इंग्लंडात पुढे विस्मरणात गेले, भारतात मात्र ते सामान्यनाम होऊन राहिले. वाहन स्टेपनीविना विकले जाणे ही त्यामुळे नवी गोष्ट नसून एका अर्थी आरंभीच्या स्थितीकडे परतणे आहे.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीसोबत सुटे चाक देणे अपेक्षित होते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये या नियमांत दुरुस्ती केली. कमाल वजन ३.५ टनांपर्यंत असलेल्या वाहनांत ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्ती संच दिलेला असल्यास सुट्या चाकाची अट शिथिल करण्यात आली. या बदलामुळे वाहनात जागा मोकळी होईल व विद्युत वाहनांत अधिक क्षमतेची बॅटरी बसवता येईल, असे मंत्रालयाने त्या वेळीच नमूद केले होते.

ही सवलत केवळ विद्युत वाहनांपुरती नाही. तरीही तिचा सर्वाधिक उपयोग याच वाहनांना झाला. पेट्रोल मोटारीत डिकीच्या तळाशी सुट्या चाकासाठी जो खळगा असतो, त्या जागेवर बॅटरीचा हक्क आला. टाटा टियागो ईव्ही व एमजी कॉमेट ईव्ही या भारतात विकल्या जाणाऱ्या लहान विद्युत मोटारी सुट्या चाकाऐवजी दुरुस्ती संचासह येतात. चाक, जॅक व पाना मिळून होणारे पंधरा-वीस किलोग्रॅम वजन कमी झाल्याने पल्ल्यात थोडी भर पडते. उत्पादकाचा खर्चही वाचतो, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

दुरुस्ती संच व त्याचा वापर

संचात दोन वस्तू असतात: १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि सांधणाऱ्या द्रव्याची बाटली. हे द्रव्य बहुधा रबराच्या चिकावर आधारित असते. ते व्हॉल्व्हमधून टायरमध्ये सोडले जाते. चाक फिरू लागले की द्रव्य टायरच्या आतील पृष्ठभागावर पसरते, हवेच्या दाबाने छिद्राकडे ओढले जाते व तेथे घट्ट होऊन छिद्र बुजवते. म्हणजे द्रव्य भरल्यावर उभे राहून वाट पाहण्याचा उपयोग नाही. मोटार लगेच चालवणे हाच उपचाराचा भाग आहे. काही किलोमीटर सावकाश गेल्यावर थांबून दाब पुन्हा मोजावा लागतो. दाब टिकला असेल तर साधारणपणे ताशी ८० किमीच्या मर्यादेत जवळच्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जाता येते. दाब पुन्हा बराच उतरला असेल तर छिद्र द्रव्याच्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजून तेथेच थांबणे आवश्यक असते.

टायरमध्ये खिळा रुतलेला दिसल्यास तो उपटून काढण्याकडे चालकाचा स्वाभाविक कल असतो. संच वापरायचा असेल तर ही चूक ठरते. खिळा स्वतःच छिद्राचा बराचसा भाग बुजवून धरतो आणि उरलेली फट द्रव्य भरून काढते. पंप चालू असताना विद्युत मोटार 'रेडी' स्थितीत ठेवणे इष्ट असते, कारण पंप १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतो व ती बॅटरी मुख्य बॅटरीकडून त्याच स्थितीत भरली जाते. मुख्य बॅटरी भरलेली असूनही लहान बॅटरी उतरल्यामुळे मोटार सुरू न होण्याचा प्रसंग पंक्चरच्या जोडीला येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

केवळ पंपाचा, द्रव्याविना होणारा वापर अनेकदा दुर्लक्षिला जातो. पंक्चर मंद असेल, म्हणजे तासाभरात काही पीएसआय इतकीच हवा उतरत असेल, तर हवा भरून पुढे निघणे व दाबदर्शकावर लक्ष ठेवणे हा सर्वात स्वच्छ उपाय होय. द्रव्य एकदा टायरमध्ये गेले की पुढची दुरुस्ती किचकट होते. दुकानदाराला टायर उतरवून आतला चिकट थर धुवावा लागतो, चाकाचा तोल बिघडू शकतो, व्हॉल्व्हपाशी असलेला दाबमापक संवेदक द्रव्याने माखू शकतो. द्रव्य वापरले असल्यास टायर उघडण्यापूर्वी दुकानदाराला ते सांगितले पाहिजे.

बाटलीवर वापराची अंतिम तारीख छापलेली असते. ती बहुधा उत्पादनापासून चार-पाच वर्षांची असते. मोटार विकत घेतल्यानंतर ही तारीख फारशी कोणी पाहत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो, बंद डिकीतले तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते आणि अशा उष्णतेत द्रव्याचे आयुष्य घटते.

दुसरा मार्ग चिकट रबरी दोरीचा, ज्याला दुकानांत स्ट्रिप म्हणतात. खिळा उपटून छिद्र टोच्याने साफ करतात, दोरी सुईत ओवून आत ढकलतात आणि बाहेर राहिलेले टोक कापतात. भारतातील बहुतेक ट्यूबलेस पंक्चर याच पद्धतीने काढले जातात. छिद्र समोर येईल अशा बेताने मोटार थोडी पुढे-मागे घेतली किंवा पुढील चाके वळवली, तर टायर न उतरवता व मोटार न उचलता हे काम होऊ शकते. जॅक नसलेल्या विद्युत मोटारीसाठी ही मोठीच सोय होय. आवाज कमी करण्यासाठी काही विद्युत मोटारींच्या टायरांत आतून फोमचा थर चिकटवलेला असतो. तेथे मात्र छिद्राजवळचा फोम कापून काढल्याशिवाय पक्की दुरुस्ती होत नाही, आणि द्रव्य वापरावे की नाही हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे लागते.

हे दोन्ही उपाय फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रांसाठी आहेत. द्रव्याची मर्यादा साधारण चार ते सहा मिलिमीटर समजली जाते. टायरची बाजू चिरली असेल, टायर फुटला असेल, धाव वाकली असेल किंवा हवा गेलेल्या टायरवर मोटार काही अंतर धावून त्याच्या कडा चुरगळल्या असतील, तर संच निरुपयोगी ठरतो. स्टेपनी नसण्याची खरी किंमत या प्रसंगी मोजावी लागते.

वाशिम जिल्ह्यातील परिस्थिती

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता कारंजा, शेलुबाजार व मालेगाव या गावांमधूनच जातो. त्या रस्त्यावर वेग कमी असला तरी फाट्याफाट्यावर पंक्चरचे दुकान आढळते. बाहेर टांगलेला जुना टायर हीच त्याची पाटी. समृद्धी महामार्ग याच पट्ट्यातून पण गावांना वगळून काढण्यात आला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किमीचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. दोन्ही बाजूंना कुंपण असल्याने ठरावीक इंटरचेंजवरूनच आत-बाहेर करता येते. जिल्ह्यात कारंजा, शेलुबाजार व मालेगाव येथे ती सोय आहे. गावातला कारागीर सरळ रेषेत दोन किलोमीटरवर असला तरी महामार्गावरील मोटारीपर्यंत तो पोहोचू शकत नाही.

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री दहाच्या सुमारास मालेगाव व वनोजा टोलनाक्यांच्या दरम्यान रस्त्यावर पडलेल्या लोखंडी फलकावरून वाहने गेली. वृत्तांनुसार पन्नासांहून अधिक वाहनांचे टायर पंक्चर झाले. त्यांत मोटारींसह मालवाहू ट्रकही होते. मदत लवकर न पोहोचल्याने प्रवाशांना थंडीच्या दिवसांत रात्रभर महामार्गावर ताटकळावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात याच महामार्गावर पुन्हा काही वाहनांचे टायर पंक्चर झाले. आरंभी रस्त्यात खिळे ठोकल्याची चर्चा पसरली. काँक्रीटमधील बारीक भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या त्या धातूच्या नळ्या होत्या, असे स्पष्टीकरण महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने दिले.

वाशिमच्या घटनेवरून स्टेपनी असती तर प्रश्न सुटला असता, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. धातूच्या धारदार कडेवरून मोटार गेली की बहुधा एकाच बाजूची पुढची व मागची अशी दोन्ही चाके सापडतात, आणि स्टेपनी एकच असते. उलट चिरलेल्या टायरला द्रव्यही चालत नाही. थोडक्यात, अशा प्रसंगी दोन्ही व्यवस्था अपुऱ्या असतात आणि सारी भिस्त रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या गस्तीवर व मदतवाहनांवर राहते. साध्या खिळ्याच्या पंक्चरचे गणित मात्र वेगळे आहे. दाबदर्शकाने वेळीच इशारा दिल्यास वेग कमी करून डाव्या मार्गिकेतून पुढील इंटरचेंज किंवा विश्रांतीस्थळ गाठणे शक्य असते. हवा झपाट्याने जात असेल तर कडेच्या पट्टीवर थांबण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा धोक्याचे दिवे लावणे, परावर्तक त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवणे आणि सर्व प्रवाशांनी मोटारीत न बसता संरक्षक कठड्यापलीकडे उभे राहणे आवश्यक ठरते. रात्री रहदारीच्या बाजूचे चाक असेल तर पंप लावण्यासाठीही खाली बसणे धोक्याचे असते. अशा वेळी मदतवाहनाची वाट पाहणे श्रेयस्कर.

मोटार उचलणे व वाहून नेणे

विद्युत मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा बरीच जड असते आणि तिची बॅटरी तळाला सपाट बसवलेली असते. जॅक ठरवून दिलेल्या उचल-बिंदूऐवजी बॅटरीच्या आवरणाखाली लावला गेल्यास आवरणाला इजा होऊन मोठा खर्च उद्भवू शकतो. टायरच्या दुकानात मोटार नेल्यावर हे बिंदू चालकानेच दाखवून देणे हितावह असते, कारण लहान गावांतील कारागिरांच्या हाताखालून अशा मोटारी अद्याप फार गेलेल्या नाहीत.

दोरखंड बांधून चारही चाकांवर विद्युत मोटार ओढून नेऊ नये, असे उत्पादक बजावतात. चालक चाके मोटर-यंत्राशी कायम जोडलेली असल्याने ती फिरली की यंत्र जनित्रासारखे वीज निर्माण करू लागते व त्याने विद्युत प्रणालीला हानी पोहोचू शकते. त्यामुळे सपाट पृष्ठाचे वाहकच मागवावे लागते. मदतीसाठी दूरध्वनी करताना मोटार विजेवरची आहे हे आधी न सांगितल्यास आकड्याचे ओढवाहन येते आणि रिकामे परत जाते.

इतर पर्याय

हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे, जाड बाजूंचे रन-फ्लॅट टायर व आतून चिकट थर असलेले स्वयंसांधक टायर उपलब्ध आहेत. ते महाग असतात आणि तालुक्याच्या ठिकाणी तशाच मापाचे मिळणे अवघड असते. टायर बदलताना भारांक कमी असलेला टायर बसवणे विद्युत मोटारीच्या वजनामुळे धोक्याचे ठरते.

काही मालक सुटे चाक वेगळे विकत घेऊन केवळ लांबच्या प्रवासात डिकीत ठेवतात. असे चाक घेताना नटांच्या छिद्रांचे वर्तुळ, धावेचा व्यास व टायरची उंची मूळ चाकाशी जुळते की नाही हे पाहावे लागते. पेट्रोल आवृत्तीचे चाक विद्युत आवृत्तीला चालेलच असे नसते. चाकासोबत मोटारीचे वजन पेलणारा जॅक व योग्य मापाचा पानाही घ्यावा लागतो, कारण स्टेपनी न देणारे उत्पादक या वस्तूही बहुधा देत नाहीत. डिकीत मोकळे ठेवलेले चाक अचानक ब्रेक लागल्यास पुढे फेकले जाऊ शकते, म्हणून ते पट्ट्याने जखडून ठेवावे लागते.