पंपाच्या इंजिनाची ठिणगी आणि इंधनमिश्रण

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच उरण तालुक्यातील मोरा बंदरास लागते. तिचे इंजिन डिझेलचे. त्यात ठिणगीचे काम नसते. परंतु पेट्रोलवर अथवा पेट्रोलने सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या लहान पंप-इंजिनांत शक्ती ठिणगीच्या वेळेवर व मिश्रणावर अवलंबून असते. मोऱ्यासारख्या समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत अशा इंजिनांचे पॉइंट व जोडण्या लवकर गंजतात आणि पाणी कमी पडू लागते. अशा वेळी दिसेल तो स्क्रू फिरविण्याचा मोह होतो. तो टाळून पुढील क्रमाने तपासणी करावी.

ठिणगीची वेळ : इंधन पेटताच एकदम जळत नाही. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात २५ अंश आधी पडलेल्या ठिणगीस सेकंदाचा सुमारे सातशेवा भाग एवढाच अवधी मिळतो. ठिणगी फार लवकर पडल्यास ठोके ऐकू येतात व सुरू करताना दोरीस उलटा झटका बसतो. उशिरा पडल्यास शक्ती घटते आणि धुराची नळी अतिशय तापते. रॉकेलवर ठोके लवकर येतात. म्हणून त्यासाठी माहितीपुस्तिकेत दिलेलीच वेळ ठेवावी.

प्रथम पॉइंट स्वच्छ करून त्यांतील अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. लहान इंजिनांत ते बहुधा ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. अंतर वाढले की ठिणगी लवकर पडते, घटले की उशिरा. म्हणून अंतर आधी व वेळ नंतर पाहावी. चक्रावरील व सांगाड्यावरील खुणा समोरासमोर येताच पॉइंट उघडू लागले पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या इंजिनांत पॉइंट नसतात. तेथे ही जुळणी करावी लागत नाही.

मिश्रण : एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र १२ ते १३ किलो हवेस मिळते. इंधन याहून वाढले तर काळा धूर येतो व प्लगवर काजळी बसते. इंधन फार कमी पडले तर प्लग पांढरा पडतो, कार्बुरेटरातून फटफट आवाज येतो आणि झडप जळण्याचा धोका असतो. प्लगचा बदामी रंग हे योग्य मिश्रणाचे लक्षण होय. हवेची गाळणी तुंबल्यास मिश्रणात इंधन वाढते, जेट तुंबल्यास घटते. म्हणून दोन्ही आधी साफ करावीत. मंद गतीचा स्क्रू फिरवून भाराखालील शक्ती वाढत नाही. रॉकेलचे इंजिन पुरते तापल्यावरच रॉकेलवर घ्यावे आणि थांबविण्यापूर्वी थोडा वेळ पेट्रोलवर चालवावे.

सावधगिरी : पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग वा वास नसतो. आत कोणी बेशुद्ध पडल्यास मदतीसाठी विहिरीत उडी घेणाराही दगावतो. तत्काळ अग्निशमन दलास कळवावे.

योग्य जुळणीने इंजिनाची मूळची शक्ती परत मिळते, त्याहून अधिक नाही. तेवढ्यानेही भागत नसेल, तर स्क्रू न पिळता अधिक शक्तीचे इंजिन घेणेच हितावह ठरेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी शेतकऱ्यांस विहिरीवर प्रत्यक्ष करून दाखवावी.