मंत्र्यांची गाडी, आमदारांचा टोल आणि आपला खिसा: कुणाला काय मिळतं, नियम काय सांगतो?

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की बेळगावच्या सुवर्ण विधानसौधकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरकारी गाड्यांची रांगच लागते. बेंगळूर इथून सुमारे ५०० किलोमीटर. मंत्री येतात तशा त्यांच्या गाड्याही येतात. रस्त्याकडेला उभं राहून बघणारा माणूस सहज म्हणून जातो, ‘सगळं आपल्याच पैशातनं!’ ते खरंच आहे. पण कुणाला काय मिळतं, कुठल्या नियमाने मिळतं आणि त्याचा हिशेब कुठे सापडतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि ‘आम्ही कुठे आयकर भरतो?’ असं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. दुचाकीत पेट्रोल भरताना आणि साबणाची वडी घेताना कर आपण भरतोच.

गाडी कुणाला?

मंत्र्याला सरकारी गाडी मिळते. साध्या आमदाराला सहसा गाडी मिळत नाही, प्रवास भत्ता मिळतो. मंत्री किती असावेत याला मर्यादा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त असू नये, पण राज्य लहान असलं तरी ती १२ पेक्षा कमीही नसावी. त्यामुळे कर्नाटकात (२२४ जागा) ३४, महाराष्ट्रात (२८८) ४३, मध्य प्रदेशात (२३०) ३५, तेलंगणात (११९) १८, तर गोव्यात (४०) १२ मंत्री होऊ शकतात. गोव्यात म्हणजे जवळजवळ दर तिसरा-चौथा आमदार मंत्री!

कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्र्यांसाठी ३३ नव्या इनोव्हा हायक्रॉस गाड्यांना मंजुरी दिली. एकूण खर्च ९ कोटी ९० लाख, म्हणजे गाडीमागे ३० लाख. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबरात, राज्यातले १९५ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. त्यामुळे विरोधकांनी या खरेदीवर टीकेची झोड उठवली. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये गाडीखरेदीची मर्यादा नव्याने ठरवली. मंत्र्यांच्या गाडीला ३० लाखांपर्यंत मुभा आहे, तर राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांच्या गाडीला किमतीची मर्यादाच नाही. विजेवर चालणारी गाडी घेतली तर २० टक्के जादा खर्च करता येतो.

थोडक्यात, सीमेच्या अलीकडे-पलीकडे पक्ष वेगळे आहेत, पण गाडीचा भाव जवळजवळ एकच आहे.

गाडी एकदा, खर्च रोज

गाडीच्या किमतीवर आरडाओरडा होतो, कारण तो आकडा बातमीत येतो. इंधन, चालक, दुरुस्ती, टायर आणि ताफ्यातल्या बाकीच्या गाड्या यांचा खर्च मात्र वर्षानुवर्षं चालू राहतो आणि वेगवेगळ्या खात्यांच्या हिशेबात विखुरला जातो.

एकच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये आमदारांच्या वाहनचालकाचं सरकारी तिजोरीतून दिलं जाणारं वेतन महिना १५ हजारांवरून २० हजार करण्यात आलं. चालकाला २० हजार मिळण्यात वावगं काही नाही. पण विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ मिळून ३६६ आमदार होतात. सगळ्या जागा भरलेल्या धरल्या तर या दराने वर्षाला ८ कोटी ७८ लाख रुपये होतात. कर्नाटकातल्या त्या ३३ गाड्यांच्या किमतीच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. फरक इतकाच, की गाड्या काही वर्षांतून एकदा घेतल्या जातात आणि हा खर्च दरवर्षी येतो.

‘कॅबिनेट दर्जा’ नावाची पळवाट

मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा आहे, पण ‘मंत्रिपदाच्या दर्जाला’ तशी मर्यादा नाही. मंत्रिमंडळात जागा न मिळालेल्या आमदारांना महामंडळं आणि मंडळांची अध्यक्षपदं दिली जातात. सोबत कॅबिनेट दर्जा आला, की गाडी, चालक, कार्यालय हेही मागोमाग येतं. कर्नाटकात जानेवारी २०२४ मध्ये एकाच वेळी ३४ आमदारांना अशी अध्यक्षपदं मिळाली. राज्यात मंत्री होऊ शकतात तेही ३४ च! एका पक्षाचंच हे काम आहे असं नाही, सरकार कुणाचंही असो, नाराजांना सांभाळायचा हा जुना मार्ग आहे. म्हणून नव्या अध्यक्षाचे हार-तुरे बघताना ‘दर्जा कुठला?’ हा प्रश्न विचारायला हवा. खरा खर्च तिथून सुरू होतो.

टोलनाक्यावर राज्य बदलतं

राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांनुसार खासदाराला देशभर टोल माफ आहे. आमदाराला तो फक्त स्वतःच्या राज्यात माफ आहे आणि त्यासाठी विधिमंडळाचं ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणजे कर्नाटकातल्या आमदाराला निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर सूट आहे, पण तोच कोल्हापूर ओलांडून किणी नाक्यावर गेला तर या नियमाने सूट नाही. ही सूट गाडीच्या नंबराला किंवा काचेवरच्या स्टिकरला नाही, त्या गाडीतून जाणाऱ्या आमदाराला आहे. ‘साहेबांची गाडी आहे’ एवढं सांगून आत बसलेल्या पाहुण्यांना टोल माफ होत नाही.

लाल दिव्याचंही असंच होतं. केंद्राने नियम बदलला आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांपासून सगळ्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांसारख्या तातडीच्या सेवांना तेवढी मुभा राहिली. दिवा गेला म्हणून कुणाचं काम अडलं नाही. सवलत काढली की कारभार थांबतो, हे म्हणणं त्यामुळे फारसं टिकत नाही.

ठरवतं कोण?

मंत्र्यांचे आणि आमदारांचे पगार-भत्ते राज्याचं विधिमंडळ कायदा करून ठरवतं. घटनेची १६४ आणि १९५ ही कलमं तेच सांगतात. म्हणजे घेणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधानसभेत मोठा गोंधळ चालू होता. १८ आमदार निलंबित झाले, त्याच दिवशी पगारवाढीची विधेयकं चर्चेविना मंजूर झाली. आमदारांचा मूळ पगार ४० हजारांवरून ८० हजार झाला.

मंत्र्याने गाडी वापरू नये असं कुणी म्हणत नाही. जिल्हा फिरायचा तर गाडी हवीच. पण ती कुठे गेली, कशाला गेली, हे विचारायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

विचारायचं कसं?

सरकारी गाडीला लॉगबुक असतं. तारीख, किलोमीटर, प्रवासाचं कारण आणि सही त्यात असते. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून त्याची प्रत मागता येते. मंत्र्यांच्या गाडीसाठी कर्नाटकात कार्मिक व प्रशासकीय सुधारणा खात्याकडे, महाराष्ट्रात सामान्य प्रशासन विभागाकडे आणि महापौरांच्या गाडीसाठी महापालिकेकडे अर्ज करा. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा. गाडी कधी, कितीला घेतली, वर्षभराचं इंधन-दुरुस्ती किती आणि अमुक महिन्याच्या लॉगबुकची प्रत, एवढं पुरे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करता येतं.

भाषेचं मात्र लक्षात ठेवा. कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. बेळगाव-निपाणीतून करताना तो कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत केलेला बरा, म्हणजे भाषेच्या कारणावरून परत येणार नाही. महाराष्ट्रात मराठीत बिनधास्त करा.

आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की प्रचाराला सरकारी गाडी चालत नाही. तशी दिसली तर नंबर, वेळ आणि फोटो घेऊन निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार करा.