आजाराचा ताप आणि लशीचा ताप

कोरोनाची आठवण निघाली म्हणजे आपल्या बिदर-कलबुर्गीच्या गावांतून अद्यापि एक वाक्य ऐकू येते, "आजार परवडला, पण सुई नको." असे म्हणणारा मनुष्य अडाणीच असतो असे मुळीच नाही. तुरीच्या रानात राबणाऱ्या बाईला दोन दिवस ताप आला म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिच्या तक्रारीस हसणे बरे नव्हे. परंतु ज्यांनी दोन्ही ताप एकाच वर्षात भोगले, त्यांपैकी मी एक आहे.

२०२१ च्या एप्रिलात मला आजार जडला. आरंभी साधे पडसेच वाटले. मग वास गेला. फोडणीचा धूर डोळ्यांना झोंबे, पण नाकाला काही कळेना. आठव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना हायसे वाटले, आणि नेमका तेव्हाच दम लागू लागला. ह्या आजाराची लबाडी हीच की पुष्कळदा तो दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसांवर घाव घालतो. बरी झाल्यावरही महिनाभर विहिरीवरून कळशी आणताना मला वाटेत दोनदा बसावे लागे. ह्याहून जड होती ती धास्ती. पलीकडच्या खोलीत निजलेल्या वृद्ध सासूबाईंना माझ्यामुळे काही होईल काय?

तीन महिने थांबावयाचे, ह्या नियमाप्रमाणे ऑगस्टात कोव्हिशील्डचा पहिला डोस घेतला. सायंकाळी हुडहुडी भरली, रात्रभर अंग फणफणले, दंड ठणकत राहिला. दुसऱ्या दिवशी चूल जाऊबाईंनी पेटविली. तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापावयास बसले. त्या तापात सासूबाई माझ्या उशाशी बसून होत्या, कारण लशीचा ताप कोणाला लागत नाही. लशीत जिवंत कोरोना नसतो. शरीर शत्रूची ओळख करून घेते, त्या खटपटीचा तो ताप.

ही गोष्ट नवी नव्हे. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत डॉ. हाफकिन ह्यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, आणि तो ओसरला.

आजाराचे तसे नसते. भारतातील कोरोनाचा पहिला मृत्यू आपल्या कलबुर्गीचा, मार्च २०२० मधला. त्याच वर्षी सप्टेंबरात बसवकल्याणचे आमदार बी. नारायणराव ह्याच आजाराने गेले.

लशीत धोका मुळीच नाही, असे मात्र कोणी सांगू नये. कोव्हिशील्डने क्वचित, लाखांत एखाद्यास, रक्ताच्या गाठी होतात. मात्र त्या आजाराने कितीतरी अधिक होतात. म्हणून लशीनंतर काही आठवड्यांत दम लागला, पाय सुजला वा डोके असह्य दुखू लागले, तर घरगुती काढ्यावर न विसंबता डॉक्टरांकडे जावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेणे हे प्रेमाचे कृत्य म्हटले. तथापि ती स्वेच्छेनेच घ्यावयाची, असे व्हॅटिकनने २०२० च्या डिसेंबरातच स्पष्ट केले होते. बळजबरीने कोणाचा दंड पुढे होत नाही, हे आमच्या वस्तीतही दिसले. मजुरीवाल्या बायका तयार झाल्या त्या उपदेशाने नव्हे. एकीने सुई घेतली की दोन दिवस तिची शेळी व मुले दुसरीने सांभाळावयाची, अशी पाळी लागली, तेव्हा त्या निघाल्या.